पगार सात तारखेला, खाऊ रोज: दोन लहान मुलांसह महिना कसा काढावा

आमचं घर भोसरीत, एक खोली आणि स्वयंपाकघर. नवरा वर्कशॉपमध्ये, पगार हातात २४ हजार. मी घरी ब्लाऊज शिवते, त्याचे महिन्याला तीनेक हजार. थोरला चार वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. बजेटचे लेख मी पुष्कळ वाचले. त्यातले निम्मे ‘बाहेरचं जेवण कमी करा’ इथून सुरू होतात. आम्ही बाहेर जेवतोच कधी? त्यामुळे जे आमच्याकडे चाललं तेवढंच इथे लिहिते. आकडे आमच्या घरचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

आधी तारखा बघा, मग रक्कम

आमचे पैसे कमी पडायचे ते चुकीच्या तारखांमुळे, हे कळायला मला दोन वर्षं लागली. पगार सात तारखेला. घरभाडं पाच तारखेला. म्हणजे दर महिन्याला दोन दिवसांसाठी साडेसात हजार कुणाकडून तरी घ्यायचे, आणि ते फेडताना नवा पगार लंगडा व्हायचा. शेवटी घरमालकांना सरळ विचारलं, “काका, दहा तारखेला दिलं तर चालेल का? एक दिवसही पुढे जाणार नाही.” ते हो म्हणाले. एवढ्या एका वाक्याने उसनवारी थांबली. दूधवाल्याचं बिल आणि भिशीचा हप्ता, दोन्हीही आठ ते दहा तारखेत आणून ठेवले.

तेव्हा पहिलं काम हे. एका कागदावर महिन्यातले सगळे ठरलेले खर्च तारखेसह लिहा आणि पगाराच्या आधी येणारे जेवढे पुढे सरकवता येतील तेवढे सरकवा. विचारायला लाज वाटते, मलाही वाटली. पण उसने मागण्यापेक्षा ही लाज परवडते.

पाच पाकिटं

सत्तावीस हजारांतून काय काय जातं ते असं: भाडं ७,५००, वीज ७००, गॅस सरासरी ८००, दूध १,७५०, किराणा ४,५००, पेट्रोल १,५००, दोन मोबाइल ५००, गावी सासू-सासऱ्यांना २,०००, डायपर ४००, औषधपाणी ८००, पोस्टातली आरडी ५००, भिशी १,०००. भाजी, अंडी, फळं यांना दिवसाला शंभर, म्हणजे ३,०००. बेरीज होते २४,९५०. उरतात दोन हजार पन्नास. त्यांतच चपला, सणवार, कुणाचं लग्न, फुटकळ सगळं.

यातले ठरलेले खर्च पगाराच्या दिवशीच वेगळे होतात. खरी गळती असते ती रोजच्या हातखर्चात. भाजी, अंडी, फळं आणि फुटकळ मिळून मी रोजचे १३० रुपये धरते. हे पैसे नोटांमध्ये काढून आणते आणि पाकिटांत भरते. आता गंमत बघा. सगळे म्हणतात महिन्याचे चार आठवडे. तसे ते फक्त फेब्रुवारीत असतात, तेही लीप वर्ष नसेल तर. बाकी महिन्यांत दोन-तीन दिवस वर उरतात आणि नेमके तेच दिवस उधारीवर जातात. म्हणून पाकिटं पाच करायची. पगार सातचा असेल तर ७ ते १३, १४ ते २०, २१ ते २७, २८ ते ३, आणि पाचवं ४ ते ६. पहिल्या चारांत ९१० रुपये, पाचव्यात ३९०. पाचवं पाकीट सगळ्यात आधी भरायचं आणि तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवायचं. आमची आजी डाळीच्या डब्यात पैसे लपवायची, तिच्याकडे काही पाकिटं नव्हती. युक्ती तीच.

नोटाच का? फोनवरून स्कॅन करून वीस-वीस रुपये गेलेले दिसत नाहीत. पाकीट पातळ होताना हाताला कळतं. नवऱ्याने आधी खूप कुरकुर केली. मग एका महिन्याचं फोनवरचं स्टेटमेंट आम्ही दोघांनी बसून वाचलं. चहा-वडापाव आणि पोरांची पुडकी मिळून जी बेरीज निघाली ती मी इथे लिहीत नाही, घरात शांतता राहावी म्हणून.

शनिवारी रात्री मुलं झोपली की वही घेऊन दोघांनी पंधरा मिनिटं बसायचं. दोघांनी, हे महत्त्वाचं. एकट्या बाईने हिशोब ठेवला की तिची घरात चौकीदार होते.

किराणा

यावर फार लिहीत नाही, तुम्हाला येतं. ज्वारी-गहू धान्य घेऊन गिरणीवर दळून आणा, पिशवीतलं पीठ महाग पडतं. कडधान्यं रात्री भिजवा, गॅस वाचतो. कुकरमध्ये एका वेळी वरण, भात, बटाटे असे तीन डबे लावा. भाजी शक्यतो आठवडे बाजारात, उठायच्या वेळी घ्या. पावसाळ्यात पालेभाजी कडाडली की मटकी, चवळी, मसूर. आणि मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं असं समजू नका. शाम्पूची पुडी बाटलीपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडते, एकदा मिलीलीटरचा हिशोब करून बघा.

मुलांच्या पोटात काय जातं

इथे जरा थांबू, कारण पैसा आणि तब्येत दोन्ही इथेच अडकलेलं आहे.

आमच्या वस्तीत सकाळी बहुतेक लहान मुलं चहा-बिस्कीट नाहीतर चहा-चपाती खातात. आमचाही खायचा. चहाने पोट भरल्यासारखं वाटतं, पण अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. त्यावर दिवसभर दूध पाजलं की मूल जेवतच नाही. एक वर्षानंतर दिवसाला साधारण ४०० ते ५०० मिली दूध पुरतं. त्याहून जास्त पाजलं तर पोळी-भाजी-वरणाची जागा दूध घेतं आणि रक्त कमी होतं. आम्ही रोज दोन लिटर घ्यायचो, आता एक घेतो. त्यातच दही आणि चहाही होतो. महिन्याचे साडेसतराशे तिथेच वाचले आणि थोरला जेवायलाही लागला.

नाचणीचं सत्व घरी करा. डब्यातल्या पावडरीच्या जाहिराती बघून मीही एकदा डबा आणला होता, तो अठरा दिवसांत संपला. नाचणी एक किलो घ्या. तीन-चार पाण्यांनी धुवा, खडे निघतात. रात्रभर भिजवा, सकाळी सुती कापडात घट्ट बांधून ठेवा आणि कापड ओलसर राहू द्या. दीड-दोन दिवसांत बारीक मोड येतात. सावलीत पसरून खडखडीत वाळवा, मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा, दळून आणा आणि वस्त्रगाळ करा. पावसाळ्यात हा उद्योग करू नका, वाळत नाही आणि बुरशी धरते. मे महिन्यात दोनदा करून ठेवा. द्यायच्या वेळी दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, नाहीतर गुठळ्या होतात. मग आठ-दहा मिनिटं ढवळत शिजवायचं. त्यात थोडं दूध, जरासा गूळ आणि तुपाचा थेंब. एक वर्षाच्या आतल्या बाळाला गूळ-साखर-मीठ नको, आणि मध तर अजिबात नको.

खिचडीत दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूगडाळ घाला. नुसता मऊ भात आणि वरणाचं वरचं पाणी देऊ नका. पाण्याने पोट फुगतं, वजन वाढत नाही. वाटीभर खिचडीत चमचाभर तेल किंवा तूप, किसलेलं गाजर नाहीतर चिरलेला पालक, आणि वरून लिंबू पिळा. लिंबामुळे पालेभाजीतलं आणि डाळीतलं लोह जास्त अंगी लागतं. घरात अंडं चालत असेल तर दिवसाआड एक द्या. एका अंड्याच्या पैशात बाजारात यापेक्षा पौष्टिक काही मिळत नाही. चालत नसेल तर शेंगदाण्याचं कूट हाताशी ठेवा. ते भाजीत, भातात, पोळीवर कुठेही जातं. ताप-बिप येऊन गेल्यावर मेतकूट-भात-तूप.

अंगणवाडी

‘तिथे काही शिकवत नाहीत’ असं म्हणून आमच्या शेजारची लोकं महिन्याला हजार-बाराशे भरून नर्सरीत घालतात. ज्याची त्याची मर्जी. पण अंगणवाडी ही नुसती शाळा म्हणून सुरू झाली नव्हती. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजनेत ती आली ती पोषण, लसीकरण, वजन आणि जोडीला शाळेआधीचं शिक्षण यांसाठी. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे गरम आहार मिळतो, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा शिधा मिळतो, आणि दर महिन्याला वजन होतं. हे वजन मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ताईंना म्हणायचं, “आलेख दाखवा.” रेघ वर जाते आहे का, आडवी पडली आहे का, एवढं बघायला शिक्षण लागत नाही. दोन महिने आडवी राहिली तर डॉक्टरांना विचारा.

घरी न्यायच्या शिध्याची पाकिटं बऱ्याच घरांत पडून राहतात, चव आवडत नाही म्हणून. मी ते पीठ थालीपिठाच्या भाजणीत मिसळते, नाहीतर तुपावर पुन्हा भाजून लाडू वळते. फक्त पाकिटावरची मुदत बघून घ्या.

पाच रुपयांचं पुडकं

संध्याकाळी सहा वाजता कोपऱ्यावरच्या दुकानासमोर जे रडणं सुरू होतं त्यावर उपाय असा.

एक, दुकानावरून जायच्या आधी पोट भरलेलं असू द्या. उपाशी पोराशी वाटाघाटी होत नाहीत.

दोन, शनिवार हा खाऊचा वार. त्या दिवशी थोरल्याच्या हातात दहा रुपयांचं नाणं द्यायचं आणि त्याने स्वतः निवडायचं. पहिले तीन आठवडे रोज भोकाड पसरलं गेलं, मी तुम्हाला फसवत नाही. चौथ्या आठवड्यापासून तो विचारायला लागला, “आज शनवार आहे?” नाही म्हटलं की पुढे चालायचा. आधी दिवसाला पंधरा रुपये जायचे, म्हणजे महिन्याला साडेचारशे. आता चाळीस-पन्नास जातात.

तीन, घरचा खाऊचा डबा मुलांच्या हाताला येईल इतक्या खाली ठेवा. चुरमुऱ्याचा चिवडा, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाण्याचा लाडू. अख्खे फुटाणे किंवा शेंगदाणे चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती देऊ नका, घशात अडकतात. कुटूनच द्या.

आजोबा आले की ही सगळी शिस्त मोडते. मोडू द्या. आजोबा वर्षातून तीनदा येतात.

डायपर आणि लंगोट

दिवसाला पाच डायपर, एक साधारण नऊ रुपयांचा, म्हणजे महिन्याला साडेतेराशे. आम्ही रात्री एक वापरतो आणि प्रवासात लागेल तसा. चारशेत भागतं. दिवसा लंगोट. जुन्या सुती साडीचे चौकोन फाडून दोन डझन करा, नवे घेऊ नका. जुनं कापड मऊ असतं आणि जास्त शोषतं. धुऊन उन्हात वाळवले की लाली येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र वाळत नाहीत. तेव्हा डायपरला दोन-अडीचशे जास्त धरा आणि तेवढे कपड्यांतून कमी करा. दीड वर्षाच्या सुमारास सकाळी उठल्यावर आणि जेवल्यावर आपल्या दोन्ही पायांवर बसवायची जुनी सवय लावा. सासूबाईंनी धाकटीला पंधरा दिवसांत लावली, मला थोरल्याच्या वेळी चार महिने लागले होते.

दुखणं-खुपणं

सरकारी दवाखान्यात, उपकेंद्रात किंवा अंगणवाडीतल्या ठरलेल्या दिवशी मिळणाऱ्या लसी फुकट आहेत म्हणून हलक्या नाहीत. बीसीजी, पोलिओ, पेंटा, रोटा, न्यूमोकोकल, गोवर-रुबेला या सगळ्या तिथे मिळतात. खासगीत याच लसींचे हजारो रुपये होतात. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्व ‘अ’चा डोस असतो, एकूण नऊ. तो लोक हमखास विसरतात. जंतांच्या गोळीचे दिवस १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. लसीकरणाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

जुलाबावर घरात ओआरएसची दोन पाकिटं कायम हवीत. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम कालवायचं. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकायचं नाही, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस. जुलाब तीन दिवसांत थांबले तरी गोळ्या पूर्ण करायच्या. सहा महिन्यांच्या वरच्या मुलाला रोज २० मिलीग्रॅम, त्याहून लहान असेल तर निम्मी. दोन्ही सरकारी दवाखान्यात मिळतात. तापाचं औषध वजनावर ठरतं, तेव्हा थोरल्याच्या बाटलीतलं धाकटीला अंदाजाने पाजू नका.

आणि पुढचं काहीही दिसलं तर पाकिटाकडे न बघता निघायचं: मूल दूध-पाणी घेत नाही, श्वास जोरात चालतो किंवा छाती आत ओढली जाते, झटका येतो, शौचात रक्त पडतं, सहा-आठ तासांत लघवी नाही, फारच मलूल पडलंय. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते, पैसे पडत नाहीत. घरात दोन हजार रोख वेगळे ठेवा. ते फक्त यासाठी, गॅस संपला तरी हात लावायचा नाही. आमचे साठायला सात महिने लागले.

दाखल करायची वेळ आली तर अनामत रक्कम भरण्याआधी एक प्रश्न विचारा: “हे हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत आहे का? आरोग्यमित्र कुठे बसतात?” योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार लागतं. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे ठरलेले उपचार त्यात फुकट होतात आणि आता पांढऱ्या कार्डवाल्यांनाही ते मिळतं. थोरल्याला न्यूमोनिया झाला तेव्हा मला हे माहीत नव्हतं. एका खासगी दवाखान्यात आम्ही अठरा हजार भरले आणि कानातली टॉप्स गहाण गेली. अजून सुटायची आहेत.

कागदपत्रांची फाइल

एक प्लास्टिकची फाइल, त्यात मुलांचे जन्मदाखले, आधार, लसीकरण कार्ड आणि रेशनकार्डची झेरॉक्स. बाळाचं नाव रेशनकार्डावर लगेच घाला. प्राधान्य कुटुंबांना धान्य माणशी महिना पाच किलो मिळतं, म्हणजे नाव नाही तर तेवढं धान्य नाही. कार्ड गावचं असलं तरी शहरातल्या रेशन दुकानात धान्य घेता येतं. लहान मुलाचं आधार फुकट निघतं, पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे द्यावे लागतात.

१ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेली मुलगी असेल आणि कार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर अंगणवाडीत ‘लेक लाडकी’चा अर्ज विचारा. जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,००० रुपये. मुलीच्या नावाने पोस्टात सुकन्या समृद्धी खातं वर्षाला अडीचशे रुपयांपासून चालू ठेवता येतं.

खासगी शाळेत आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागा असतात. अर्ज साधारण जानेवारी-फेब्रुवारीत ऑनलाइन निघतात. आर्थिक दुर्बल म्हणून भरायचा तर वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं. वंचित गटात मोडणाऱ्यांना उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला लागतो. दाखले काढायला सेतू केंद्रात दिवाळीनंतर लगेच जा. जानेवारीत तिथे उभं राहायला जागा नसते. जागा लागली नाही तर महापालिकेच्या शाळेची पायरी चढून बघा. पुस्तकं आणि दुपारचं जेवण तिथे मिळतं. काही शाळा चांगल्या आहेत, काही नाहीत. वर्गात दहा मिनिटं बसलं की कळतं.

खेळ, कपडे, वाढदिवस

खेळणी विकत घेणं आम्ही बंद केलं, कारण दोन्ही पोरं वाटी-चमचा आणि माझ्या चिंध्यांतच रमतात. पोळ्या लाटताना एक गोळा द्यायचा. गोष्टींसाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. थोरल्याला मी त्यातली चित्रं दाखवते आणि गोष्ट माझी सांगते. उतरलेले कपडे मागून घ्या, संकोच करू नका. नवीन घ्यायचाच तर एक माप मोठा घेऊन आत टीप मारा, दरवर्षी थोडी उसवा. वाढदिवसाला कुकरमध्ये रव्याचा केक, औक्षण, आणि वाड्यातली सहा मुलं. परतीच्या भेटवस्तूंची जी नवीन पद्धत आली आहे ती मी पाळत नाही, आणि अजून एकाही पोराने तक्रार केलेली नाही.

गावी जाणं

मे महिन्यात पंधरा दिवस गावी गेलं की घराला दम मिळतो. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पाच वर्षांच्या आतल्या मुलांना तिकीट नाही. म्हणजे आम्हा चौघांचं मिळून दीड तिकीट. थोरल्याला पुढच्या वर्षी अर्धं लागेल, तेव्हा दोन तिकिटं. पंधरा दिवसांचं दूध आणि रोजचे १३० इथले वाचतात. त्यातले निम्मे सासूबाईंच्या हातात द्यायचे, त्यांच्याही चुलीवर चार तोंडं वाढलेली असतात. येताना दहा किलो ज्वारी, नाचणी, वर्षाची हळद, सांडगे-कुरडया. आणि दोन रिकाम्या गोण्या आधीच घडी करून न्यायच्या, कारण ऐनवेळी गावात गोणी कुणी देत नाही.